गुरूंची नामावळी कशासाठी असते?

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात एखाद्याला साधनेला सुरुवात करायची झाली, तर वाटा कमी नाहीत. बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर विपश्यनेचे केंद्र आहे, खारघरला जानेवारी २०२५ मध्ये इस्कॉनचे भव्य मंदिर सुरू झाले, आगरी-कोळी गावांत हरिनाम सप्ताह होतात, ठिकठिकाणी दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका भरतात, आणि ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या यहुदी समाजाचे १८७९ सालचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभे आहे. या सगळ्यांची उपासना आणि ग्रंथ वेगळे आहेत, तरी नव्या माणसाला प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट लवकरच सांगितली जाते, आणि ती म्हणजे आमच्याकडे जे आहे ते आम्हाला कोणाकडून मिळाले.

ती नामावळी ऐकून काही जण लगेच हात जोडतात आणि काही जण लगेच पाठ फिरवतात. पहिल्यांना वाटते की एवढ्या थोरांच्या मागून आलेला माणूस चुकणारच नाही. दुसऱ्यांना वाटते की ज्या अर्थी जुन्या नावांचा आधार घ्यावा लागतो, त्या अर्थी आजच्या माणसापाशी स्वतःचे काही नसावे. माझ्या मते दोघेही परंपरेकडून भलतीच अपेक्षा करतात. कोणाच्याही साधुत्वाची हमी देणे परंपरेला शक्य नाही. ती माणसाला उत्तरदायी करते: त्याने काय घेतले, कोणाकडून घेतले, त्यात काय बदलले, तो चुकला तर त्याला कोण अडवू शकते आणि घेतलेले त्याने पुढे कोणाला द्यायचे आहे, हे चारचौघांत सांगता यावे यासाठी ती असते. जिथे ती हे काम करते तिथे ती जिवंत असते, आणि जिथे ती केवळ हक्क सांगण्यापुरती उरते तिथे तिच्या नावावर बरेच अनर्थ घडतात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मराठी घरांत शेकडो वर्षे वाचले जात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा देतात. क्षीरसागराच्या परिसरात शंकरांनी पार्वतीच्या कानात सांगितलेले ज्ञान माशाच्या पोटात गुप्तपणे असलेल्या मत्स्येंद्रनाथांना मिळाले, त्यांच्याकडून ते गोरक्षनाथांकडे, पुढे गहिनीनाथांकडे, तिथून निवृत्तिनाथांकडे आणि निवृत्तिनाथांकडून त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे स्वतः ज्ञानेश्वरांकडे आले. इतिहास म्हणून पाहिले तर या नामावळीचे दोन भाग पडतात. शेवटच्या टप्प्यात एका माणसाने दुसऱ्याला समोर बसवून शिकवलेले आहे, आणि आरंभाचा टप्पा श्रद्धेच्या प्रांतातला आहे. बहुतेक सगळ्या परंपरांच्या नामावळ्या अशाच असतात आणि त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. आरंभ देवापाशी नेऊन ठेवण्यात, हे ज्ञान कोणा एका माणसाच्या मालकीचे नाही, अशी कबुलीच असते.

मात्र या प्रसंगातला महत्त्वाचा भाग नामावळीच्या पुढे आहे. गहिनीनाथ निवृत्तिनाथांना नुसते ज्ञान देत नाहीत, त्यासोबत एक कामही देतात. शंकरापासून शिष्यपरंपरेने जे आपल्यापर्यंत आले ते सगळे घे आणि कलियुगाने गिळलेल्या जीवांच्या मदतीला त्वरेने धाव, अशी ती आज्ञा आहे. मोजक्या दीक्षितांपुरती असलेली विद्या मराठीत आणून सर्वांसमोर मांडण्याचा अधिकार ज्ञानेश्वरांना या आज्ञेतून मिळाला. परंपरेने आलेल्या चरित्रानुसार संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला होता. ज्यांना जन्माच्या वंशाने दाराबाहेर ठेवले, त्यांना गुरूच्या वंशाने जबाबदारी दिली. रक्ताची परंपरा आणि शिकवणीची परंपरा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात घ्यायला हवे, कारण पुढचे बरेच घोटाळे या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात.

वारकरी संतांनी हा फरक पुन्हा पुन्हा वापरलेला दिसतो. नामदेव शिंप्याच्या घरचे, त्यांचे गुरू विसोबा खेचर, आणि चोखामेळा ज्यांना गुरुस्थानी मानतात ते नामदेव. वयाने लहान असलेली मुक्ताई योगसामर्थ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चांगदेवांची गुरू ठरते. जातीची, वयाची आणि लिंगाची उतरंड या गुरुशिष्यांच्या जोड्यांमध्ये टिकलेली नाही.

तुकोबांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांना प्रत्यक्ष गुरू भेटला नाही. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात उपदेश झाला, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगितली गेली, बाबाजी असे गुरूंनी आपले नाव सांगितले आणि रामकृष्णहरि हा मंत्र दिला, असे ते स्वतः अभंगात सांगतात. आजचा वाचक विचारेल की स्वप्नातल्या दीक्षेला पुरावा काय. प्रश्न रास्त आहे, पण त्या काळात तुकोबांपुढचा प्रश्न वेगळा होता. कुणब्याने वेदान्त सांगू नये म्हणून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावण्यापर्यंत मजल गेली होती. अशा माणसाने आपण हे मनाचे सांगत नसून आपल्याला ते दिले गेले आहे असे म्हणणे, यात अधिकाराचा दावा आहे आणि नम्रताही आहे. पुढे बहिणाबाई या ब्राह्मण स्त्रीने तुकोबांनाच गुरू मानले, तोही उपदेश स्वप्नातला, आणि आदिनाथांपासून तुकोबांपर्यंतची साखळी तिने अभंगात नोंदवून ठेवली. त्या साखळीत सगळ्यात शेवटी उभी असलेली व्यक्ती स्त्री आहे आणि तिचा गुरू त्या काळाच्या हिशेबाने शूद्र आहे, हे पाहिले की परंपरा म्हणजे केवळ जुन्या उतरंडीची राखण, हे मत टिकत नाही.

परंपरा माणसाला उत्तरदायी कशी ठेवते हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातली संध्याकाळची समाजआरती पाहावी. मुक्कामाच्या तळावर दिंड्या आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात आणि हजारो टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप उंचावतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. थांबत नाहीत ते एखाद्याच दिंडीचे, आणि जिचे थांबत नाहीत तिची काही तक्रार आहे असा त्याचा अर्थ असतो. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मगच आरती पुढे सरकते. वाटेत सापडलेल्या वस्तूंची घोषणाही तिथेच होते. तळावरची एवढी गर्दी एका काठीच्या इशाऱ्यावर गप्प होते याचे कौतुक सगळेच करतात, परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती टाळ चालू ठेवण्याची मुभा. नाराज माणसाने सोहळा न सोडता, सोहळ्याच्याच भाषेत, सर्वांसमोर आपले म्हणणे मांडायची रीत इथे परंपरेचाच भाग झालेली आहे. रथापुढच्या २७ दिंड्या, त्यांचे क्रमांक, त्यांच्या जागा, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, हे सगळे ठरलेले असते, आणि ते ठरलेले असल्यामुळेच मोडल्यावर तक्रार करता येते.

हीच शिस्त लहान प्रमाणात आपल्या भागातल्या सप्ताहांमध्ये दिसते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, भातशेती आणि मिठागरे गेली, गावांभोवती सेक्टर उभे राहिले, तरी गावदेवीची जत्रा आणि देवळातला सप्ताह अनेक गावांनी सोडला नाही. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारा संपला की वीणेकरी उभ्याउभ्या ती पुढच्याच्या गळ्यात देतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि नामस्मरण खंडित होत नाही. रिक्षा चालवणारा, महापालिकेत नोकरी करणारा आणि सत्तरीतला शेतकरी यांची नावे पहाऱ्याच्या एकाच यादीत असतात. रात्रीच्या कीर्तनात महाराज जे मांडतील त्याला संतांच्या वचनाचे प्रमाण द्यावे लागते, आणि मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण तोंडपाठ असलेलेच असतात. म्हणून कीर्तनकाराने चरण चुकवला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो. आगरी समाजात वारकरी विचार रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता आणि ज्यांचे नाव डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला दिले आहे, त्या सावळाराम महाराज म्हात्रे यांच्यासारख्यांचे कार्य याच पद्धतीने पसरले. या घडणीत आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेचाही हात आहे. जोग महाराजांनी ती १९१७ मध्ये सुरू केली आणि ठरावीक घराण्यांत जन्म न घेतलेल्या मुलांनाही ज्ञानेश्वरी, गाथा आणि पखवाज रीतसर शिकण्याची सोय झाली.

टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमागचा इतिहास परंपरेची दुसरी बाजू दाखवतो. बेने इस्रायली समाजाच्या स्मृतीनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी होती. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांच्याकडे रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या नव्हत्या, गुरूंची नामावळी नव्हती. शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शेमा ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी कित्येक पिढ्या काढल्या. नंतर दाविद रहाबी नावाच्या शिक्षकाने त्यांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्यातूनच काजी नेमले, अशी त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनाच्या रूपातही सांगितल्या. म्हणजे लिखित नामावळीशिवायही, केवळ घरातल्या आचाराच्या बळावर, परंपरा टिकू शकते.

पण नामावळी नसल्याची किंमत त्यांना फार उशिरा मोजावी लागली. इस्राएलमध्ये स्थलांतर केल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायली व्यक्तीचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना यहुद्यांच्या देशात पोहोचल्यावर आपण यहुदी असल्याचे सिद्ध करायला सांगितले गेले. समाजाने आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतली. हा प्रसंग वाचताना मला कायम वाटत आले आहे की आचार टिकवणाऱ्यांकडे वंशाचा दाखला मागणे, हा परंपरेचा सर्वांत निष्ठुर वापर आहे.

गुरू हयात असेपर्यंत परंपरेचे प्रश्न झाकलेले राहतात आणि गुरू गेल्यावर ते उघडे पडतात. इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कला संस्था सुरू केली आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये वृंदावनात देह ठेवला. त्यांच्या परंपरेची यादी श्रीकृष्णापासून त्यांच्यापर्यंत ३२ नावांची आहे. त्या यादीत प्रत्येकाने आधीच्याकडून विधिवत दीक्षा घेतली असेलच असे नाही, कारण तिथे शिकवणीचा धागा महत्त्वाचा मानला आहे. अखेरच्या महिन्यांत त्यांनी ११ शिष्यांना आपल्या वतीने दीक्षा देण्यासाठी नेमले होते. त्यांच्या पश्चात हे अकरा जण स्वतःच गुरू म्हणून वावरू लागले आणि जगाचे विभाग त्यांनी आपसांत वाटून घेतले. त्यांतल्या काहींना पुढे पद सोडावे लागले, १९८०च्या दशकात मोठ्या सुधारणा झाल्या आणि गुरूंवर नियामक मंडळाची देखरेख घट्ट करण्यात आली. त्या नेमणुकीचा नेमका अर्थ काय, हा वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही. ३२ नावांची साखळी तेहतिसाव्या माणसाला आपोआप सांभाळत नाही, त्यासाठी हिशेब विचारणारी व्यवस्था लागते, हा धडा त्या संस्थेला फार महागात पडून मिळाला.

विपश्यनेने वेगळा मार्ग घेतला. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे शिकले, ते साया थेटजी यांच्याकडे आणि साया थेटजी लेडी सयाडो या भिक्षूंकडे. भिक्षूंच्या हातातली विद्या इथे एका शेतकरी गृहस्थाकडे आणि मग एका सरकारी अधिकाऱ्याकडे आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि २०१३ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर कोणी एक गादीवर बसले नाही. दहा दिवसांच्या शिबिरात सूचना आणि प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतात आणि सहायक आचार्य शंकांची उत्तरे देतात. यामुळे शिकवणीत भेसळ होत नाही आणि व्यक्तिपूजेलाही आळा बसतो. मात्र ध्वनिमुद्रण काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे नव्या पिढीचे नवे प्रश्न किती खोलवर हाताळले जातील, हे सहायक आचार्यांच्या कुवतीवर सोडले जाते. गुरुत्व व्यक्तीकडून काढून इतरत्र सोपवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण त्याहून पुष्कळ जुने आणि महाराष्ट्रातलेच आहे. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि ग्रंथाला गुरू मानण्यास सांगितले.

गादी मुलाकडे जाते तेव्हा शिष्यांना सातत्य मिळते, घराला व्यवहार ठाऊक असतो, आणि अनेक मठ आणि फड असेच टिकले आहेत. त्यात धोका एवढाच की सेवेचा वारसा हळूहळू मालमत्तेचा वारसा होतो. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. ते संपवण्यासाठी १९७३ मध्ये कायदा झाला, न्यायालयीन लढाई दशकानुदशके चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. त्याआधी १९४७ मध्ये साने गुरुजींना तेच मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण करावे लागले होते. ज्या चोखोबांचे अभंग वारीत गायले जातात, त्यांच्या समाजाला देवळात जाण्यासाठी स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. इथे संतांची शिकवणीची परंपरा आणि पुजाऱ्यांची रक्ताची परंपरा समोरासमोर उभ्या होत्या, आणि साने गुरुजी पहिलीच्या बाजूने दुसरीशी भांडत होते. परंपरेच्या आतून परंपरेला जाब विचारता येतो तो असा.

काही वेळा साखळी जाणूनबुजून तोडावी किंवा नव्याने सुरू करावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रमणी महास्थविर या वयोवृद्ध भिक्षूंकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, म्हणजे जुन्या भिक्षुसंघाशी धागा जोडला. लगेच त्याच व्यासपीठावरून, स्वतः उपासक असताना, त्यांनी लाखो लोकांना दीक्षा दिली आणि तिला २२ प्रतिज्ञांची जोड दिली. धर्म प्राचीन साखळीतून घ्यायचा, परंतु तो लोकांपर्यंत नेण्यासाठी साखळीची परवानगी मागत बसायचे नाही, हा त्यांचा निर्णय होता. ठाण्या-ऐरोलीच्या वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत आज जी वंदना होते, ती या दोन्ही कृतींमधून आली आहे. गाडगेबाबांनी तर आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असेच सांगितले. त्यांचा खराटा, धर्मशाळा आणि कीर्तने लोकांनी तरीही पुढे नेली.

त्यामुळे एखाद्या नव्या ठिकाणी जाणाऱ्याने नामावळी अवश्य ऐकावी आणि मग तिच्या पलीकडचे विचारावे. इथे तक्रार कोणाकडे करायची आणि ती करणाऱ्याचे पुढे काय होते? पैशांचा हिशेब कोण पाहतो? गुरूच्या सांगण्याची पडताळणी करायला ग्रंथ, ज्येष्ठ किंवा सहसाधक यांपैकी काही उपलब्ध आहे का, की अखेरचा शब्द त्याचाच? स्त्रियांना केवळ सेवेचे काम मिळते की शिकवण्याचाही अधिकार आहे? असे विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे कोणी म्हणाले तर दासबोधाच्या पाचव्या दशकातला गुरुलक्षणाचा समास दाखवावा. शिष्याला साधनेला लावत नाहीत आणि इंद्रियदमन करवीत नाहीत असे गुरू आडक्याला, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्याला, तीन मिळाले तरी टाकावेत, असे समर्थांनी तिथे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय चमत्काराच्या नावाने फसवणूक किंवा शोषण झाले, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यापुढे कोणाची गादी किती जुनी आहे याला किंमत नाही. आणि तिथून निघून गेलेल्या एखाद्या जुन्या साधकाबद्दल मंडळी कशी बोलतात, हे शांतपणे ऐकावे. त्याला जायचे होते, तो गेला, आजही सणावाराला येतो, असे कोणी सहज सांगत असेल, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जायला हरकत नाही.